पाटाच्या टोकाचा वाफा

फार पूर्वीची गोष्ट आहे. इतकी पूर्वीची, की गावाचा कारभारी तेव्हा खडे टाकून निवडत. चावडीवर दोन-चार रांजण मांडायचे, प्रत्येकाने आपल्या पसंतीच्या माणसाच्या रांजणात एक खडा टाकायचा, आणि ज्याच्या रांजणात जास्त खडे तो कारभारी. इथवर सगळं सोपं होतं. अवघड काम त्यानंतर सुरू व्हायचं.

त्या गावात एक बंधारा होता. बंधाऱ्यातून निघालेला पाट शेताशेतांतून वळणं घेत पार खालच्या माळापर्यंत जायचा. गाव जगत होतं ते या पाटाच्या पाण्यावर, आणि पाण्याच्या पाळ्या नीट चालवणं हेच कारभाऱ्याचं मुख्य काम. म्हणून रीत अशी, की निवडून आलेल्याने लगेच पागोटं बांधायचं नाही. आधी नऊ दिवस खांद्यावर फावडं घेऊन पाट चालायचा, तोही टोकाकडून बंधाऱ्याकडे. दहाव्या दिवशी पाणी सोडणारा म्हातारा पाटकरी त्याला चावडीवर एक प्रश्न विचारणार, आणि मग पागोटं.

त्या वर्षी एक तरुण निवडून आला. मनाने चांगला आणि बोलायला गोड. "पाणी सगळ्यांना मिळेल," असं तो म्हणाला होता, आणि त्याला तसं मनापासून वाटतही होतं. नुसतं वाटायला कष्ट पडत नाहीत, एवढंच.

पाटकऱ्याने त्याच्या हातात फावडं दिलं. "माझे गुडघे आता साथ देत नाहीत रे. दिवाळीपासनं खाली उतरलोच नाही मी. तू टोकाकडनं चालत ये. वरनं निघालास तर पाणी तुझ्यासंगं चालतं, आणि माणसाला वाटतं सगळीकडंच आहे."

"काका, मी इथंच जन्मलो. पाटाचा दगड न् दगड ठाऊक आहे मला," तरुण म्हणाला. टोक लांब होतं, म्हणून तो बंधाऱ्यापासूनच निघाला.

पहिल्याच वळणावर शेताचा मालक हार घेऊन उभा. "या कारभारी, आमचं भाग्य!" हार झाला, नारळ झाला, ताक झालं. दुसऱ्या वळणावर शाल आणि शिरा. तिसऱ्यावर तर हलगीवालाच बोलावलेला. सत्काराला नाही म्हणणं आपल्याकडे अजून कुणाला जमलेलं नाही, या पोराला तरी कसं जमावं? निम्मा पाट होईतो ऊन डोक्यावर यायचं आणि तो माघारी फिरायचा. असे नऊच्या नऊ दिवस गेले. फावड्याला माती लागली नाही; एकदा कुणीतरी त्यालाही हार घातला.

इकडे पाटाच्या टोकाशी एक म्हातारी मावशी राहायची. एकटीच. तिचा एकुलता एक वाफा, आणि त्यातल्या मिरच्या विकून तिचं वर्षाचं मीठ-पीठ यायचं. त्या वर्षी तिच्यापर्यंत पाणी पोचलंच नव्हतं. मिरचीची रोपं तयार होती, पण लावणार कुठे? लांबच्या विहिरीवरून आणलेल्या तांब्याभर पाण्यावर ती फुटक्या मडक्यात तग धरून होती. नवा कारभारी रीतीप्रमाणे आधी आपल्याकडेच येणार, म्हणून मावशीने बांध झाडला आणि वाटीत गूळ-शेंगदाणे काढून ठेवले. दुसऱ्या दिवशी पुन्हा झाडला. बिचारीने नऊ दिवस बांध झाडला.

दहाव्या दिवशी सगळं गाव चावडीवर जमलं. मावशीही कोसभर चालत आली. पाटकऱ्याने विचारलं, "सांग पोरा, शेवटच्या वाफ्यात काय लावलंय? मलाही ठाऊक नाही, म्हणून विचारतोय."

तरुणाने गर्दीवरून नजर फिरवली. 'मी तिथवर गेलोच नाही' एवढं म्हटलं असतं तर गोष्ट इथेच संपली असती. पण समोर सगळं गाव होतं, आणि पागोटं तबकात तयार होतं.

"वांगी," त्याने अंदाजपंचे ठोकून दिलं.

"टोकाची मावशी इथंच बसलीय की. तिलाच विचारा," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

सगळ्यांच्या माना वळल्या. मावशीने तरुणाच्या तोंडाकडे पाहिलं. ते पांढरंफटक पडलं होतं.

"व्हय," ती म्हणाली, "वांगीच हायेत."

हलगी वाजली. पाटकऱ्याने पागोटं बांधलं.

तरुणाचा जीव भांड्यात पडला. आपला अंदाज कसा बरोबर आला, याचं त्याला इतकं कौतुक वाटलं, की मावशीला पोचवायला तो स्वतः निघाला. माळावर पोचला आणि जागच्या जागी थबकला. वाफ्याला भेगा पडल्या होत्या. हिरवं असं काहीच नव्हतं. दाराशी फुटकं मडकं, आणि त्यात माना टाकलेली मिरचीची रोपं.

"मावशी, वांगी कुठं आहेत?"

"नव्हतीच लेकरा."

"मग तुम्ही खोटं का बोललात?"

"तुझा पहिलाच दिवस. माझाबी खडा तुझ्याच रांजणात पडलाय. चारचौघांत तुझी मान खाली गेली असती, ते मला बघवलं नसतं." असं म्हणून तिने गूळ-शेंगदाण्यांची वाटी पुढे केली. "घे, कवाची ठेवलीय तुझ्यासाठी."

तो वाटी हातात धरून रडला, लहान मूल रडतं तसा.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने गाव गोळा केलं आणि पागोटं उतरवून तबकात ठेवलं. "मी टोकापर्यंत गेलोच नाही. मावशीने माझी लाज राखली. मला पुन्हा नऊ दिवस द्या."

गावात कुजबुज झाली. पाटकरी मात्र उठला आणि त्याने फावडं पुन्हा तरुणाच्या खांद्यावर ठेवलं. "चूक माझीबी आहे. मी दहाव्या दिवसापर्यंत विचारायला थांबलो," तो म्हणाला.

आता तरुण रोज सकाळी आधी मावशीच्या रोपांना विहिरीवरून घागरभर पाणी आणायचा आणि मग टोकाकडून वर निघायचा. चालता चालता त्याला एकेक गोष्ट दिसू लागली. जिथे जिथे त्याला हार पडले होते, तिथे तिथे पाटाचा काठ गुपचूप फोडलेला होता, आणि पाळी नसतानाही पाणी शेतात शिरत होतं. तो फावड्याने एकेक भगदाड बुजवू लागला.

"अरे, मी तुला शाल घातली होती!" एक मालक ओरडला.

"घातली होतीत काका. तेव्हा मी तुमच्या तोंडाकडं बघत होतो. आज पायाखाली बघतोय."

काही जण चिडले, काही ओशाळले. दोघा-तिघांनी आपापली फावडी आणली आणि मदतीला आले.

नवव्या दिवशी दुपारी पाणी आलं. काडीकचरा पुढे ढकलत, भेगा भरत, हळूहळू मावशीच्या वाफ्यात शिरलं. मावशी मधोमध उभी राहिली. घोट्यापर्यंत पाणी आलं तशी ती हसली आणि मग तिने पदर डोळ्यांना लावला.

दोघांनी मिळून रोपं लावली. घागरभर पाण्याने जगली ती जगली, पण निम्मी आधीच करपून गेली होती. पहिल्याच दिवशी आपण इथे आलो असतो तर तीही जगली असती, हे तरुणाला कुणी सांगायची गरज नव्हती.

तेवढ्यात पाटकरी बैलगाडीतून पागोटं घेऊन आला. तरुणाचे हात चिखलाने भरलेले, म्हणून मावशीनेच ते त्याच्या डोक्याला बांधलं.

तो वाफ्याच्या रिकाम्या भागाकडे बघत म्हणाला, "मावशी, निम्मा वाफा रिकामाच राहिला हो."

"राहू दे," मावशीने पागोट्याचं शेवटचं टोक खोचलं. "पुढच्या खेपेला लवकर ये."

तात्पर्य: गाव खडे टाकून माणूस निवडतं, त्या माणसाचा कारभारी होतो तो सगळ्यात शेवटच्या दाराशी वेळेवर पोचल्यावर.