मान सैल आहे का?

"आज वार कोणता, वस्ताद?"

"शनवार."

"गुरुवार आहे."

"असू दे की. शनवार येतोयच."

डॉक्टर बळवंत चौगुल्यांनी कागदावर फुली मारली. ज्ञानू वस्तादांना मृत्युपत्र करायचं होतं, आणि त्यांचं मन ठिकाणावर आहे असा दाखला डॉक्टरांनी द्यायचा होता. वस्तादांच्या पुतण्याने गावभर सांगून ठेवलं होतं, म्हातारा भ्रमलाय, मी कोर्टात जाणार. दाखला नसेल तर मृत्युपत्राचं काही खरं नव्हतं.

डॉक्टर याच तालमीचे पैलवान. शहरात दवाखाना निघाला, पोट सुटलं, तरी इथे आले की चपला काढून आखाड्याची माती कपाळाला लावायचे. आजही लावली, वस्तादांच्या पाया पडले. वस्तादांचा हात सवयीने त्यांच्या मानेवर गेला.

ती त्यांची जुनी रीत. पोरगं आखाड्यात उतरायच्या आधी ते त्याची मान धरून बघत. सैल असली तर उतर म्हणत. ताठ असली, म्हणजे पोरगं मनात राग घेऊन आलं असलं, तर त्या दिवशी त्याला बाहेर बसवत. मग तो कितीही मोठा पैलवान असो.

"सैल हाय. बोल," वस्ताद म्हणाले होते. मग हे प्रश्न सुरू झाले.

"सकाळी काय खाल्लंत?"

"तू आणलंस का काय?"

"नाही."

"मग कशाला इचारतोस?"

डॉक्टरांना हसू आलं. दुसरी फुली मारायची राहूनच गेली. म्हातारा वार विसरला होता, पण भ्रमला नव्हता. दाखला द्यायचा हे त्यांनी मनात ठरवून टाकलं.

"बरं. तुमच्या मालकीचं काय काय आहे?"

"ही तालीम. मागची हीर. हिरीच्या अंगाला पेरूची बाग, त्यातलं कोपऱ्यातलं झाड वाळलंय. बस्स."

"नात्यातलं कोण?"

"पुतण्या एक. त्याला बाग. पोटचं न्हाई कोण..." वस्ताद थांबले. "पोटच्यावानी हाय एक. समोर बसलाय."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. तालमीचं चित्र त्यांच्या डोक्यात कधीचं तयार होतं. मातीच्या जागी गादी, वर नवा पत्रा, दारावर वस्तादांचं नाव. हे त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं.

"आणि तालीम कुणाला?"

"दस्तगीरला."

...

पलीकडच्या कोपऱ्यात दस्तगीर माती उकरत होता. मातीत मुरवायच्या ताकाची घागर शेजारी होती. तालमीतच राहायचा, तालमीतच म्हातारा होत आला होता. त्याचं इकडे लक्ष नव्हतं.

"त्याने एक मोठी कुस्ती मारली नाही, वस्ताद."

"न्हाई मारली. माती मरू दिली न्हाई."

"आणि मी?"

"तू गादी घालशील."

"पोरं आता गादीवरच खेळतात."

"खेळू देत की. तुझ्या जागंत घाल. नारळ फोडाया मी येतो."

डॉक्टरांना फार वाईट वाटलं. तेही वस्तादांसमोर, म्हणजे लपवायची सोय नाही. ते कागदावरच्या फुलीकडे बघत राहिले.

"तुम्हाला साधा वार सांगता आला नाही." वस्तादांशी असं कोरडं ते आजवर बोलले नव्हते. "मन ठिकाणावर आहे असं मी कसं लिहून देऊ?"

"मघाशी काय लिवणार हुतास?"



...

"पुतण्या कोर्टात जाणार, ठावं हाय मला," वस्ताद म्हणाले. "म्हणून तर तुला बोलावला. बळू खोटं लिवायचा न्हाई, हे त्यालाबी ठावं हाय."

डॉक्टरांनी पेन उघडलं. पुन्हा मिटलं.

"हिकडं ये."

डॉक्टर उठले, जवळ जाऊन वाकले. वस्तादांचा हात मानेवर आला आणि बराच वेळ तिथेच राहिला. अंगठा जरा चोळत होता, लहानपणी चोळायचा तसाच.

"ताठ हाय, बळू. आज भाईर बस. उद्या ये, मग लिव."