शिळेला उत्तर

फार जुनी गोष्ट नाही. उंच डोंगरांच्या एका मुलुखात शीळ घालून बोलणारी माणसं राहत होती. तिथली घरं दूर दूर, मधे खोल दऱ्या. हाक पोचायची नाही, पण शीळ पोचायची. प्रत्येक घराची एक ठरलेली शीळ असे. ती बापाकडून मुलांकडं यायची आणि घरातले सगळे तीच घालायचे.

त्या मुलुखाचा एक रिवाज होता. घरची शीळ ऐकू आली की हातातलं काम टाकून तिला उत्तर द्यायचं. एखाद्यानं तीन शिळांना उत्तर दिलं नाही, तर लोक घोंगडी घेऊन त्याला आणायला निघत. तो जिवंत असेल, असं मग कुणी धरत नसे.

त्या मुलुखात दोन भाऊ होते. थोरल्याला काही काम सांगितलं, की तो आधी नीट ऐकून घ्यायचा, मग डोकं खाजवायचा, मग उठायचा. धाकट्याचं उलटं. तो अर्ध्या वाटेवर पोचल्यावर मागं वळून विचारायचा, "अरे, पण जायचंय कुठं?" शाळेतून तो असाच दुसरीत उठून गेला होता, तो परत गेला नाही.

एके वर्षी शेजारच्या राजानं युद्ध पुकारलं. दोघे भाऊ फौजेत गेले आणि एकाच तुकडीत लागले. तुकडीत चाळीस माणसं, दोन तोफा आणि एक म्हातारा सुभेदार. त्यांच्याकडं एक खिंड राखायला दिली होती.

हे युद्ध तलवारींचं नव्हतं. शत्रूचे ड्रोन दिवसभर डोंगरांवर घिरट्या घालत. समोरच्या कड्यावर त्यानं आवाज पकडणारी यंत्रं लावली होती. आवाज आला की ड्रोन पाहायला यायचा. ड्रोनला माणूस दिसला की तोफगोळे यायचे. वायरलेसवर बोलायची तर सोयच नव्हती.

पहिल्याच महिन्यात शेजारच्या तुकडीतले सात जण एका शिळेपायी गेले. एकानं सवयीनं घातली, दुसऱ्यानं सवयीनं उत्तर दिलं. तेव्हापासून सुभेदारानं हुकूम काढला. पहाऱ्यावर असताना प्रत्येकानं ओढ्यातला एक गुळगुळीत गोटा जिभेखाली धरायचा. गोटा तोंडात असला की शीळ निघत नाही.

तोफेवरचा जाड्या शिपाई म्हणाला, "सुभेदारसाहेब, माझ्या बायकोला हे कळू देऊ नका. मी घरी जायच्या आत ती पाटीभर गोटे गोळा करून ठेवील."

सगळे हसले. पण गोटे सगळ्यांनी घेतले.

सुभेदाराचा बेत साधा होता. खिंडीला तीन वळणं होती. तिसऱ्या वळणावर रस्ता इतका अरुंद, की गाडीला मागं फिरता येत नाही. शत्रूला वाटलं पाहिजे की खिंड मोकळी आहे. त्याच्या सगळ्या गाड्या तिसऱ्या वळणात शिरू द्यायच्या आणि मगच तोफा चालवायच्या. त्याआधी खोकलासुद्धा काढायचा नाही.

यासाठी खाली ओढ्याजवळ, एका दगडाआड, पुढचा पहारा होता. तिथं एकट्या माणसानं बसायचं. तिथून तुकडीपर्यंत जमिनीत तार पुरली होती. पहारेकऱ्यानं दर तासाला बटण दाबून एक टिचकी पाठवायची, म्हणजे सगळं ठीक आहे. तीन टिचक्या आल्या, म्हणजे गाड्या आल्या. त्या जागेला सबुरीचा माणूस लागायचा. सुभेदारानं थोरल्याला निवडलं.

उजाडता उजाडता थोरला निघाला. धाकटा त्याच्या पाठीवरचा पट्टा आवळत होता.

"दादा, मला पाठव की. तू म्हातारा झालास."

"तुला? तू तासाची टिचकी पाच मिनिटांनी दाबशील. शत्रूला वाटेल, ताशा वाजतोय."

"जा, बस दगडाआड. मी वर झोप काढतो."

"काढ. आणि हे बघ, टिचकी आली नाही तर जागचा हलू नकोस. तारेला काय, उंदीरही कुरतडतो."

"बरं बरं," धाकटा म्हणाला. त्यानं निम्मंच ऐकलं होतं.

धाकट्याचा पहारा तुकडीच्या वर, टोकावर होता. तिथून खिंडीची तिन्ही वळणं दिसत आणि पुरलेल्या तारेचं दुसरं टोकही तिथंच होतं. त्याच्याखाली, जाळ्यांनी झाकलेल्या खड्ड्यांत, तोफा आणि बाकीची माणसं दबून होती.

आठची टिचकी आली. नऊची आली. साडेनऊला शत्रूनं ओढ्याच्या बाजूला पाचसहा गोळे उगाच टाकून पाहिले. तो रोजच तसं करायचा. धूर विरला. दहा वाजले. टिचकी आली नाही.

धाकट्यानं खड्ड्यांपर्यंत सोडलेली दोरी हलवून खालच्या माणसाला खूण केली. खालून सुभेदाराचा निरोप वर आला, "तार तुटली असेल. थांबायचं."

सव्वादहा झाले. धाकट्याला समोरचा रस्ता दिसेना. त्याला फक्त तो दगड दिसत होता आणि दगडामागचं तर काहीच दिसत नव्हतं. दादा तिथं पडला असेल. पाणी मागत असेल. आपण इथं धडधाकट बसलोय आणि म्हणे थांबायचं! साडेदहा झाले. त्याला वाटलं, एकच. एकच शीळ घालू. तीही हळू. त्याचं उत्तर आलं, की मग संध्याकाळपर्यंत हूं की चूं करणार नाही.

त्यानं तोंडातला गोटा थुंकला आणि घरची शीळ घातली. दोन आखूड, एक लांब.

शीळ दरीत गेली, कड्यावर आपटली, चारी बाजूंनी परत आली. मग सगळं शांत झालं. आणि त्या शांततेत ड्रोनचा आवाज चढत चढत जवळ आला. तो थेट टोकाकडं आला आणि जाळ्यांवर फिरू लागला. एक फेरा. दुसरा फेरा पहिल्याहून खाली. खड्ड्यांतल्या माणसांनी श्वास धरले.

तेवढ्यात ओढ्याकडून शीळ आली. दोन आखूड, एक लांब.

धाकट्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. जिवंत आहे! त्याला एकट्यालाच हसू फुटलं.

पुन्हा शीळ आली. या वेळी आणखी खालून आणि मोठ्यानं. मग तिसरी, त्याहून खालून. धाकट्याचं हसू तोंडावरच राहिलं. एका शिळेला एक उत्तर देतात. असं परत परत कुणी देत नाही. आणि दादा तर दगड सोडून चालला होता. तुकडीपासून लांब, उघड्या नाल्याकडं.

ड्रोन जाळ्यांवरून वळला आणि आवाजामागं गेला.

चौथी शीळ नाल्याच्या टोकावरून आली. ती पुरी झाली नाही. त्या नाल्यात गोळे पडू लागले आणि किती तरी वेळ पडत राहिले.

थोड्या वेळानं सुभेदार रांगत टोकावर आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. कोण गेलं ते त्याला कळलं होतं. का गेलं ते कळलं नव्हतं.

"पोरा, रडायचं ते मनात रड," तो म्हणाला. "त्यांना वाटतंय की आपली तुकडी नाल्यात होती आणि संपली. आता ते येतील. तार गेली, तेव्हा डोळे तुझेच. शेवटची गाडी तिसऱ्या वळणात शिरली, की हे फडकं खाली टाक. आधी टाकलंस, तर निम्म्या गाड्या पळतील, आपली जागा सांगतील आणि उद्या आपण कुणी नसू. जमेल?"

"जमेल," धाकटा म्हणाला. त्याला स्वतःचा आवाज ओळखू आला नाही.

दुपारी गाड्या आल्या. पहिली गाडी पहिल्या वळणावर आली, तेव्हा तिच्यावरचे शिपाई टोप्या काढून वारा घेत होते. नाल्याकडं बोट दाखवून एक जण काही तरी बोलला आणि बाकीचे हसले. धाकट्याचा हात फडक्यासकट वर उठला. त्यानं दुसऱ्या हातानं तो दाबून धरला. मनगटाचा चावा घेतला. अकरा गाड्या होत्या. त्यानं एकेक मोजली. दहावी शिरली तरी तो थांबला. अकरावी शिरली, तेव्हा त्यानं फडकं सोडलं.

तोफांनी पहिली गाडी अडवली, मग शेवटची. मधल्यांना ना पुढं जाता आलं, ना मागं. तासाभरात शत्रूच्या शिपायांनी हात वर केले. खिंड राहिली.

मग चौघं जण घोंगडी घेऊन नाल्यात गेले. धाकटाही गेला. वाटेत पुढच्या पहाऱ्याचा दगड लागला. त्यानं मागं डोकावून पाहिलं. तार एका जागी गोळ्यानं तुटली होती. दोन्ही टोकं जमिनीतून वर काढलेली, चाकूनं सोललेली, एकमेकांत गुंफून अर्धा पीळ दिलेला. चाकू तिथंच पडला होता. दगडावर रक्ताचा थेंब नव्हता. थोरल्याला काहीसुद्धा झालेलं नव्हतं. तो तार जोडत होता. पाच मिनिटांत टिचकी आली असती.

धाकटा तिथंच बसला. चौघांनी त्याला ओढून उठवलं.

संध्याकाळी थोरल्याला घोंगडीत ठेवून सगळे भोवती उभे राहिले. सुभेदारानं वरती पाठवायचा कागद काढला होता. माणूस कसा गेला, ते त्यावर लिहावं लागे.

जाड्या शिपाई नाक ओढत म्हणाला, "एवढा सबुरीचा माणूस आणि त्याच्याच तोंडून शीळ जावी! आज ह्यानं आपल्याला मारलंच होतं. धाकट्यानं सावरलं म्हणून वाचलो. शाबास रे वाघा! भावाचं उणं भरून काढलंस."

सगळ्यांना तसंच वाटत होतं. घरची शीळ एकच, आणि दरीच्या पडसादांत पहिली शीळ कुठून आली ते कुणालाच कळलं नव्हतं. दोघातिघांनी धाकट्याच्या पाठीवर थाप मारली. सुभेदारानं पेन टेकवलं आणि लिहिता लिहिता वाचलं, "पहाऱ्यावर असताना हुकूम मोडून..."

"सुभेदारसाहेब, खोडा ते," धाकटा म्हणाला.

"काय खोडू?"

"पहिली शीळ माझी. मी टोकावरून घातली. ड्रोन तुमच्यावर आला तो माझ्यामुळं. दादानं त्याला ओढून नेलं. तो तार जोडत होता. त्याला काही झालं नव्हतं. त्याला काहीसुद्धा झालं नव्हतं, सुभेदारसाहेब."

जाड्या शिपायाचा हात त्याच्या पाठीवरून खाली आला.

सुभेदार म्हणाला, "हे तू सांगितलं नसतंस, तर कुणाला कळलं नसतं."

"दादाला माहीत आहे की."

सुभेदारानं लिहिलेली ओळ खोडली. नवी लिहायला त्याला वेळ लागला, कारण त्याला कागद दिसत नव्हता. मग तो म्हणाला, "तुझी बंदूक दे. तुला शिक्षा होणार. ती वरून येईल, ती भोग. माझी शिक्षा वेगळी. इथं जे जे नवे शिपाई येतील, त्यांना ही हकीकत तू सांगायची. सगळी. एक अक्षर गाळायचं नाही."

"किती वेळा?"

"जितक्या वेळा नवे येतील तितक्या वेळा."

वरची शिक्षा सहा महिन्यांनी संपली. सुभेदाराची चालू राहिली. नव्या शिपायांची पहिली टोळी आली, तेव्हा धाकटा त्यांच्यापुढं उभा राहिला. त्याला बोलायची सवय नव्हती. अर्ध्यात तो अडला. तो पाणी प्यायला आणि पुन्हा बोलू लागला. काही गाळलं नाही.

हकीकत संपल्यावर एका शिपायानं विचारलं, "मग आपल्या माणसाची काळजी करायचीच नाही का?"

धाकट्यानं आधी नीट ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, "करायची. जीव कुरतडला तरी करायची. पण ती आपल्यापाशी ठेवायची. मला ती पेलवली नाही, म्हणून मी दादाच्या अंगावर टाकली. तो बिचारा घेऊन गेला."

तात्पर्य एवढंच: आपल्या उतावळेपणाची भरपाई बहुधा आपल्या सर्वांत जवळच्या माणसाला करावी लागते, म्हणून थांब म्हटलं की थांबावं. आणि चूक झालीच, तर ती आपल्या तोंडानं सांगावी, गेलेल्याच्या नावावर राहू देऊ नये.