वरच्या मॉडेलचे दिवे

सकाळचे साडेसहा. आंबेवडगी फाटा. रस्त्याच्या कडेला बंद पडलेल्या रसवंतीचा मांडव, चहूकडे धुकं.

"चूक कुणाची, एवढंच सांगा, माताजी," भरतेश मगदूम म्हणाला.

मोरपिसांच्या पिच्छीनं माताजींनी बाकडं हलकेच झाडलं आणि त्या बसल्या. सत्तरी ओलांडलेल्या जैन साध्वी. दीक्षा घेतल्यापासून कधी वाहनात बसल्या नव्हत्या, पायात काही घातलं नव्हतं. गावोगाव पायी जायचं, एवढंच.

त्यांच्या मागून भरतेशची गाडी माणसाच्या चालीनं यायची. मागच्या वाहनानं चालणाऱ्यांना उडवू नये, म्हणून. हमरस्त्यावर अशी माणसं चिरडली जातात, दोन दिवस हळहळ होते, आणि रस्ता तसाच राहतो. तेव्हा मागून चालणारी गाडी ही मिरवायची गोष्ट नव्हे.

भरतेशनं ती मिरवली होती.

त्याची गाडी सगळ्यात खालच्या मॉडेलची. मागचे दिवे साधे, बारके. बरोबरचे लोक चिडवायचे, की तुझ्या गाडीचं तोंड बरं आहे, पाठ तेवढी दाखवू नकोस. मग त्यानं भंगार बाजारातून त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलचे लांबलचक दिवे मिळवले. साचा तोच, स्क्रू त्याच जागी. मागचा सॉकेट तेवढा वेगळा होता. दुकानातल्या फिटरनं वायरी तोडून जोडून दिल्या. दिवे पेटले, लालभडक, या टोकापासून त्या टोकापर्यंत. गावागावात पोरं मागून फोटो काढू लागली, आणि भरतेशची मान ताठ झाली.

परवा अशाच धुक्यात एक सुरवंट रस्ता ओलांडत होता. माताजी थांबल्या. भरतेशनं ब्रेक दाबला. मागून इलाही शिकलगार, आंबेवडगीचा दूधवाला, मोटरसायकलसकट येऊन धडकला. कॅन रस्त्यावर लोळले. त्याच्या मांडीचं हाड मोडलं.

मागून येऊन धडकेल त्याची चूक, हा आपल्याकडचा तयार न्याय. तो लावताना कुणाला गाडीच्या मागं जाऊन वाकावंसुद्धा लागत नाही. इलाहीनं बेदरकारपणे गाडी चालवली, असं पोलिसांचं ठरून गेलं होतं. भरतेशनं तसा जबाब द्यायचा, की इलाही गुन्हेगार. जबाब आज अकराला होता.

भरतेश ठाम होता. त्याला फक्त माताजींच्या तोंडून ऐकायचं होतं.

"मी नियमानं थांबलो. त्यानं अंतर ठेवलं नाही. माझं काय चुकलं?"

"इलाही काय म्हणतो?"

"म्हणतो, ब्रेकचा दिवा लागलाच नाही. काहीतरी बोलायचं म्हणून बोलतो, माताजी. एवढे मोठे दिवे, मैलावरून दिसतात."

"रुग्णवाहिका येईपर्यंत मी तिथं उभी होते. कण्हत होता, आणि मधूनमधून तेवढंच म्हणत होता."

"दुखत असताना माणूस…"

"गाडी सुरू कर."

भरतेश स्टिअरिंगमागं जाऊन बसला. दिवे लावले. त्याला वाटलं, निघायचं. पण माताजी पुढं गेल्या नाहीत. त्या गाडीच्या मागं गेल्या, डाव्या कोपऱ्याशी उभ्या राहिल्या. पांढऱ्या साडीचं टोक त्यांनी दोन्ही हातांत ताणून दिव्यासमोर धरलं.

बाजूच्या आरशात भरतेशला ते दिसलं. धुक्यात एक हातभर पांढरं कापड, त्यावर लाल उजेड.

"दाब."

त्यानं ब्रेक दाबला.

कापडावरचा लाल होता तसाच राहिला.

त्याला वाटलं, पाय नीट पडला नाही. पुन्हा दाबला. मग पार खाली जाईपर्यंत दाबला… सोडला… दाबला.

लाल वाढला नाही. कमीही झाला नाही.

माताजी हात न हलवता उभ्या होत्या. भरतेशनं गाडी बंद केली, तरी तो बराच वेळ आरशात बघत राहिला. एवढे महिने गाडी चालवली, गावागावात मिरवली, पुसून लख्ख ठेवली. पण ब्रेक दाबणारा पुढं बसतो. त्याला स्वतःची पाठ कुठून दिसणार?

तो खाली उतरला आणि एकदम बोलत सुटला. विकणारा म्हणाला होता, दिवे बसतात, डोळे झाकून घ्या. वायरी फिटरनं जोडल्या, आपण नव्हे. तपासणीला गाडी नेली, तर तिथल्या माणसानं दिवे पेटलेले बघून शिक्का मारला. पोलिसांनी मोटरसायकल उलटीपालटी करून पाहिली, या गाडीचा ब्रेक कुणी दाबून बघितला नाही.

सगळं खरं होतं. विकणाऱ्याला, जोडणाऱ्याला, शिक्का मारणाऱ्याला, पंचनामा करणाऱ्याला यातलं एक अक्षर आजवर कुणी विचारलेलं नाही.

माताजींनी सगळं ऐकून घेतलं. मग कमंडलू उचलला आणि त्या रस्त्याला लागल्या. आल्या वाटेनं, मागं.

"माताजी, मुक्काम इकडं आहे."

"ठाणं तिकडं आहे ना?"

"आठ किलोमीटर आहे. तुम्ही कशाला? मी गाडीनं जाऊन येतो."

"या गाडीनं?"

भरतेशनं किल्ली खिशात टाकली, चपला गाडीपाशीच काढल्या आणि तो त्यांच्या मागून चालू लागला. धुक्यातून एखादा ट्रक मागून आला, की तो वळून दोन्ही हात वर करायचा. ट्रक बाजू देऊन जायचा. पुन्हा चालणं.

बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, "तिथं सांगू काय, माताजी? मी थांबलो होतो, हे तर खरंच आहे."

माताजी थांबल्या नाहीत. वळल्याही नाहीत.

"मी थांबले, ते तुला दिसलं," त्या म्हणाल्या. "तू थांबलास… ते इलाहीला कुणी सांगितलं?"