घरोघरी झालेला टीव्ही

त्या सकाळी धुकं असं दाटलं होतं, की रस्त्यानं जाणाऱ्याचा खोकला ऐकू यायचा, माणूस दिसायचा नाही. गावाला त्याचं नवल वाटत होतं. गुणाजीला वाटलं नाही. त्याच्या घरचा टीव्ही आदल्या दिवसापासून असाच चालला होता. आवाज यायचा, चित्र दिसायचं नाही.

तर अशा त्या एका गावात एक भोळा गुणाजी होता. भोळा हे आपण चारचौघांत म्हणायचं. गावात त्याला दुसरा शब्द होता. स्वभावानं गरीब, अंगानं धडधाकट, खोड एकच. सांगितलेलं ध्यानात ठेवायचा. बाकीचे लोक सांगितलेलं विसरतात, म्हणून त्यांचं बरं चालतं. हा विसरायचा नाही.

त्याची लेक वैजू जिल्ह्याच्या संघातून कबड्डी खेळायची. सामने लांब लांब व्हायचे आणि घरी दुभत्या म्हशी. त्यामुळं त्याच्या बायकोनं, कौसाबाईनं, लेकीचा खेळ कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता. पोर पुढं गेली की टीव्हीवर दिसेल, या एका आशेवर बाई होती.

ती म्हणाली, "अहो, हा डबा तालुक्याला न्या. मला माझी पोर बघायचीय. नुसतं नाव ऐकून काय करू?"

गुणाजीनं टीव्ही सायकलच्या कॅरियरला बांधला आणि रतनशेठच्या दुकानात नेला. शेठनं काचेवर बॅटरी मारली आणि मान हलवली.

"चित्र ठीक आहे. मागचा दिवा गेलाय."

"टीव्हीला दिवा असतो?"

"मग! मागून उजेड असला तरच पुढचं दिसतं. आणि याचा दिवा आता मिळत नाही. हा बघ, नवीन आलाय. याच्या मागं मोहरीएवढे दिवे आहेत, हजारानं. काळं दाखवायचं तिथले विझतात, पांढरं तिथले पेटतात."

गुणाजीनं पाहिलं. कुस्ती चालली होती. पैलवानाच्या पाठीवरची माती कण न् कण मोजून घ्यावी अशी. मग त्यानं किंमत विचारली आणि तो मागं सरकला.

"नवं आहे तोवर महागच असणार," शेठ म्हणाला. "जरा जुनं होऊ दे. थांब, होईल स्वस्त."

गुणाजी थांबला. दुकानाच्या पायरीवर बसला. शेठनं जेवण केलं, वामकुक्षी घेतली, संध्याकाळी दुकानाला कुलूप लावायला आला, तरी हा तिथंच.

"अरे, तू अजून इथं?"

"थांबलोय. झाला का स्वस्त?"

"इथं नाही रे बाबा, घरी थांब! घरोघरी झाला की स्वस्त होतो."

"असं होय! बरं, ध्यानात ठेवतो."

आणि ठेवलं. पुढचं सगळं त्यामुळंच झालं.

परत निघाला तेव्हा अंधार पडला होता आणि धुकं पुन्हा उतरलं होतं. गुणाजीकडं बॅटरी होती. मागून उजेड असला तरच पुढचं दिसतं, हे त्याला आठवलं. त्यानं बॅटरी मागं बांधली, तोंड मागं करून. मागचा रस्ता दिवसासारखा दिसत होता. पुढं शेजारच्या भिकाआप्पांचा उकिरडा होता. गुणाजी त्यात गेला, सायकल गेली, टीव्हीही गेला.

आप्पांनी त्याला हाताला धरून वर काढलं. "गुण्या, बॅटरी मागं कोण बांधतं रे? दिवा पुढं धरावा, म्हणजे दिसतं!"

"असं होय! बरं, ध्यानात ठेवतो."

घरी येऊन त्यानं टीव्ही पुसला, लावला. आवाज अजून शाबूत होता. मग कंदील पेटवून काचेच्या पुढं धरला आणि ओरडला, "कौसे, धाव! लागला! कुणीतरी येडा दिसतोय बघ, हातात कंदील घेऊन बसलाय!"

कौसाबाईनं काचेत पाहिलं. "हो," ती म्हणाली, "रोजच्या ओळखीचाय."

दुसऱ्या दिवशी तिनं त्याला मेथी आणायला बाजारात धाडलं. मेथी नवी होती, दव सुकलं नव्हतं. भाव चढा. गुणाजी जुड्यांसमोर बसून राहिला. ऊन उतरलं, पानं पिवळी पडली, आणि भाजीवालीनं उरलेला ढीग त्याच्या पिशवीत कोंबून सुटकेचा निःश्वास टाकला.

"ही मेथी आहे की पालापाचोळा?" कौसाबाईनं विचारलं.

"जरा जुनी होऊ दिली. स्वस्त पडली."

"अहो, ताजं दिसलं की थांबू नये! लगेच उचलून घरी आणावं!"

"असं होय! बरं, ध्यानात ठेवतो."

आठवडा गेला नाही तो आप्पांची गाय व्याली. वासरू अजून ओलं होतं. त्याच्यापेक्षा ताजं गावात काही नव्हतं. गुणाजीनं ते उचललं आणि थेट घर गाठलं. मागून गाय आली, गाईमागून आप्पा आले. गाईनं गुणाजीला चुलीपर्यंत नेलं.

आप्पांनी वासरू हिसकावलं. "गाढवा, दुसऱ्याच्या दारातलं ते दुसऱ्याचं! आपल्या घरात असेल तेवढंच आपलं! कळलं?"

"कळलं, आप्पा. ध्यानात ठेवतो."

मग दोन दिवाळ्या गेल्या. दर बाजाराला गुणाजी शेठला विचारायचा, "झाला का?" शेठ म्हणायचा, "अजून घरोघरी नाही झाला." गुणाजी घरी येऊन फळीवर बघायचा. खरंच, झालेला नसायचा.

इकडं वैजू राज्याच्या संघात गेली आणि संघ फायनलला गेला. गावात त्या बारीक दिव्यांचे टीव्ही एकेक करून येत होते. भिकाआप्पांकडंही आला. सामन्याच्या सकाळी कौसाबाईनं तूप विकून जमवलेले पैसे नवऱ्याच्या हातात दिले.

"सामन्याच्या आत या. आज मला माझ्या घरात माझी पोर दिसली पाहिजे."

शेठ त्याला बघताच हसला. "ये, ये! झाला बरं का स्वस्त."

"म्हणजे घरोघरी झाला?"

"आता कुणाच्या घरी नाही ते विचार! घरोघरी आहे. हा तुझा काढून ठेवलाय. बांधू?"

गुणाजीनं खोक्याकडं पाहिलं. खोकं शेठच्या दुकानात होतं. दुसऱ्याच्या दारातलं ते दुसऱ्याचं. त्यानं पैसे पुन्हा खिशात घातले.

"घरोघरी झालाय, मग आमच्या घरी आलाच असणार. कौसा वाट बघत असेल." आणि त्यानं सायकल हाणली.

दारात कौसाबाई आरतीचं ताट घेऊन उभी होती. टीव्हीला लावायला हळदकुंकू होतं, फोडायला नारळ होता. आळीतल्या बायका आत सतरंजीवर बसल्या होत्या. गुणाजी मोकळ्या हातांनी आला.

"टीव्ही कुठाय?" कौसाबाईनं विचारलं.

"तेच विचारतोय. कुठं ठेवलास?"

त्यानं फळी बघितली, खाटेखाली बघितलं, कणगीत हात घातला. बायका तोंडाला पदर लावून बाहेर पडल्या. तेवढ्यात आप्पांच्या घरातून आरोळी उठली, "वैजू! वैजू निघाली चढाईला!" कौसाबाईनं ताट तिथंच टाकलं आणि धावली. लोकांच्या डोक्यांमधून, टाचा उंचावून, तिला लेकीची तेवढी शेवटची चढाई दिसली.

गुणाजी गेला नाही. आप्पांच्या घरातला टीव्ही आप्पांचा. तो आपलाच शोधत राहिला.

सामना जिंकल्यावर आप्पा गुलालानं माखून त्याला ओढायला आले. गुणाजीचं डोकं गव्हाच्या पोत्यात होतं. तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "आप्पा, सगळ्यांच्या घरी झालाय, माझ्याच घरी सापडेना. असं कसं?"

आप्पांनी त्याला पोत्यातून बाहेर काढलं. चिमूटभर गुलाल कपाळाला लावला, मग डोक्याच्या मागच्या बाजूला दोन बोटांनी टकटक केलं.

"गुण्या," आप्पा म्हणाले, "चित्र तुझं ठीक आहे. मागचा दिवा गेलाय."