गुंतवळाचं घरटं

मोगऱ्याच्या बागेला लागून एक इवलंसं खोपटं होतं. तिथं छबू आणि तिची आई राहायच्या. आईनं गुंफलेले गजरे गावातल्या अंबाड्या-अंबाड्यात हसायचे. तिनं स्वतः मात्र फूल माळणं सोडलं होतं, कारण तिचा अंबाडाच उरला नव्हता.

आधी भांग रुंदावला. मग रोज कंगव्यात मूठभर केस येऊ लागले. माक्याचं तेल झालं, जास्वंदीचा लेप झाला, डॉक्टरीणबाईंच्या औषधाची बाटलीही आली. "धीर धरा. काही केस येतील, काही नाही येणार," असं त्या म्हणाल्या होत्या. पण एका हळदीकुंकवाला कुणीतरी बोललंच, "हिला कशाला गं गजरा? टिकणार कुठं?" जिभेला हाड नसतं, हेच खरं! त्या दिवसापासून आईनं डोक्याला फडकं गुंडाळलं आणि उंबरठा ओलांडला नाही. बाटली कोनाड्यात धूळ खात राहिली.

सुया-पोत विकणारी बाई गुंतवळाच्या, म्हणजे गळलेल्या केसांच्या, बदल्यात लालचुटुक फुगा द्यायची. छबूला तो हवा असायचा, खूप हवा असायचा. तरी तिनं आईचा एकही केस दिला नाही. गळलेले केस जपले तर कधीतरी परत लावता येतील, असं तिला वाटायचं. शेवग्याच्या ढोलीत ती ते लपवायची.

एके सकाळी बाग दवानं चमचमत होती. छबू ढोलीशी बसून मुसमुसत होती. तेवढ्यात एका कळीतून गुलाबी, पिवळा, निळा उजेड सांडला आणि बोटाएवढी परी बाहेर आली.

"का गं रडतेस, सोनुले?"

"माझ्या आईचे केस परत लावशील?"

"लावीन. पण मागणं एकच मिळेल, आणि गळलेले केस सगळे हवेत. दव सुकायच्या आत आण."

छबूनं ढोलीत हात घातला. ढोली रिकामी!

परीनं लिंबाच्या झुडपाकडे बोट दाखवलं. शिंपी पाखरानं दोन पानं टाके घालून शिवली होती आणि आत काळंभोर, मऊ अंथरूण केलं होतं. त्यावर चिमुकली पिल्लं बिलगून निजली होती. अंगावर पिसाचं नाव नाही, अगदी उघडीबोडकी.

छबूनं हात पुढे केला. आईचा तो जुना, भरगच्च अंबाडा तिच्या डोळ्यांपुढे आला. एक पिल्लू थरथरलं. छबूनं हात मागे घेतला.

"नको. यांना थंडी वाजेल," ती हुंदके देत म्हणाली.

"मग मागणं गेलं हं, बाळ. दुसरं मिळायचं नाही."

"ठाऊक आहे."

परीचेही डोळे भरले. "जा, आईला एवढं सांगून ये."

छबूनं घरी जाऊन सगळं सांगितलं. "काहीतरीच तुझं," आई म्हणाली. पण ती दारापर्यंत आली, थबकली, आणि मग छबूचं बोट धरून बागेत आली.

"माझे केस?" ती पुटपुटली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "माझ्या केसांवर निजलीत गं ही."

गार वारा सुटला. पिल्लं कुडकुडली. आईनं पटकन डोक्यावरचं फडकं सोडलं आणि वाऱ्याच्या बाजूनं झुडपाला बांधलं. डोकं उघडं पडलं हे तिला कळलंसुद्धा नाही. छबूला मात्र कळलं.

"यांना पिसं येतील ना गं आई?"

"येतील. धीर धरायला हवा," आई म्हणाली आणि डॉक्टरीणबाईंचे शब्द तिला आठवले.

परीनं छबूच्या हातात एक कळी ठेवली. "ही सुकायची नाही. आईला लव फुटली की माळ." दव सुकलं, आणि सोनेरी उजेडात परी विरून गेली.

संध्याकाळी आईनं बाटलीवरची धूळ पुसली. पिल्लं उडाली, पावसाळा सरला, थंडी आली. अंबाडा काही परत आला नाही. भांगाशी फक्त कोवळी, विरळ लव उगवली. छबूनं तीत ती कळी खोचली आणि श्वास रोखून पाहत राहिली.

कळी पडली नाही.