वेणू वाढते

पऱ्या अजून माणसांशी बोलत असत, तेव्हाची ही गोष्ट. भेंडखळी नावाच्या इवल्याशा गावात वेणू नावाची एक मुलगी राहायची. तिच्या झोपडीला छप्पर होतं, पण त्यातून चांदण्या दिसायच्या. तिच्या परकराला ठिगळं होती, एक लाल, एक पिवळं, एक मोरपंखी. कोणी हसलं की वेणू म्हणे, "ठिगळं नाहीत काही! फुलपाखरं बसलीत."

वेणूला बाबा नव्हते. आई होती, सगुणा. तिच्या हाताला अशी चव, की तिनं नुसतं पाणी उकळलं तरी शेजारीण वाटी घेऊन यायची. दर श्रावणात गावजेवण असे आणि त्यासाठी सगुणा काहिलीत गावभाजी रांधायची. काहील म्हणजे म्हैस डुंबेल एवढी मोठी कढई! भेंडी, लाल भोपळा, अळू, कोवळी कणसं, शेंगदाणे, ज्याच्या परसात जे पिकेल ते त्यात पडायचं. या कामाबद्दल गाव तिला धान्य देई आणि त्यावर मायलेकी वर्षभर जगत.

यंदा घोटाळा केला तुळाजी पाटलांनी. पाटील मनानं वाईट नव्हते, पण बाजारात गेले की त्यांची जीभ सैल सुटायची. भेटेल त्याला म्हणाले, "या की आमच्याकडे जेवायला! अख्खं गाव घेऊन या!" आणि सगळे हो म्हणाले. हो न म्हणायला काय झालं? घरी आल्यावर पाटलांना घाम फुटला आणि ते रागावले मात्र सगुणावर.

"भाजी कमी पडली तर माझं नाक कापलं जाईल," ते म्हणाले. "मग पुढच्या वर्षी काहील दुसऱ्याच्या हाती. धान्यही त्यालाच. कळलं?"

सगुणाला कळलं. वेणूलाही कळलं.

जेवणाच्या दिवशी पहाटे ती मळ्यात भेंडी तोडायला गेली. पानापानांवर दवाचे रुपेरी मणी लुकलुकत होते. भेंडीची पिवळीधम्मक फुलं डोळे किलकिले करत उमलत होती. एवढ्यात एका फुलातून बारीकसा आवाज आला, "आई गं! खाज! मेले मी खाजेनं!"

आत बोटाच्या पेराएवढी परी होती. गुलाबी झगा, सोनेरी पंख, आणि दोन्ही हातांनी खाजवणं चाललेलं.

"मी टिकली परी. शेवंतीत राहते," ती रडवेली होऊन म्हणाली. "काल अंधारात चुकून इथे झोपले. हे काय झाड आहे की शिक्षा?"

"भेंडीला कुसं असतात गं," वेणू हळूच म्हणाली. तिनं परीला तळहातावर घेतलं, दवाच्या थेंबानं न्हाऊ घातलं आणि परकराच्या मऊ टोकानं पुसलं. परी खुदकन हसली, तशा सगळ्या वाफ्यावर सोनेरी चमचम उडाली.

"माग काहीतरी!" टिकली म्हणाली. "पण हां, मी वाफ्यातली परी. मला एकच मंत्र येतो, 'वाढ'. तू ज्याचं नाव घेऊन 'वाढ' म्हणशील, ते वाढेल. तीनदाच बरं का. आणि सूर्य मावळला की सगळं पहिल्यासारखं. पोटात गेलेलं तेवढं पोटात राहील."

वेणू आनंदानं नाचतच घरी आली. भाजी वाढवायची, झालं! पण ती मराठी मुलगी होती, आणि परीला मराठी शब्दांचे आडवळणाचे अर्थ ठाऊक नव्हते. तिथेच सगळी गंमत झाली.

चूल रचली, काहील चढली. पहिल्यांदा चुलीपुढे नारळ फोडायचा होता. पण 'फोडा' असं अभद्र कोण म्हणेल? वेणू शहाण्या मुलीसारखी म्हणाली, "पाटीलबाबा, नारळ वाढवा!"

नारळ वाढला. पाटलांच्या हातातून सुटला, कलिंगडाएवढा झाला, रांजणाएवढा झाला, आणि शेवटी वेणूच्या झोपडीएवढा होऊन अंगणात बसला. पाटील त्याच्याकडे बघत बसले. त्यांना दुसरं काही सुचेना.

वेणूनं आईच्या कानात सगळं सांगितलं. सगुणानं डोळे मोठे केले. "आता जपून बोल! अजून दोन आहेत. आत्ता भाजी वाढली तर उतू जाऊन चूल विझेल. काहिलीचा तळ दिसायला लागला की म्हण."

वेणूनं मान डोलावली. एवढ्यात भोपळा चिरता चिरता पाटलीणकाकूंच्या हातातली काचेची बांगडी फुटली. वेणू कळवळून म्हणाली, "अगं बाई! काकू, बांगडी वाढली!"

झालं! हिरवी बांगडी सांधली जाऊन गाडीच्या चाकाएवढी झाली आणि काकूंच्या डोक्यावरून घसरून त्यांच्या भरदार कमरेत अडकली. "काढा गं मला यातून!" काकू ओरडल्या. बायकांना हसू आवरेना आणि काकू काही निघेनात.

मग मात्र वेणूनं ओठ घट्ट मिटले. कोणी काही विचारलं तर "उं उं" करायची. "पोरीचा दात दुखतोय वाटतं," म्हणत एका मावशीनं तिच्या तोंडात लवंग कोंबली.

भाजी रटरटू लागली. चिकटपणा मोडायला सगुणानं आमसुलं टाकली, वरून चरचरीत फोडणी ओतली, आणि वास असा सुटला की लांबच्या वाटेवरच्या गाड्या धावत सुटल्या. माणसं आली. आणखी आली. लाल पागोटी, पिवळी लुगडी, कडेवरची तान्ही बाळं! पंगतीवर पंगत उठली आणि काहिलीचा तळ दिसू लागला. अजून अर्धी माणसं उपाशी होती. पाटील मिशी चावू लागले. सगुणानं वेणूला खूण केली.

वेणू काहिलीकडे धावली. वाटेत तिचा परकर कोणीतरी धरला. एक थकलेले, अनोळखी आजोबा रिकाम्या पानापुढे बसले होते. "बाळ," ते क्षीण आवाजात म्हणाले, "मला वाढतेस का गं?"

वेणूला फार वाईट वाटलं. आईनं तिच्यासाठी झाकून ठेवलेली वाटी तिनं आणली, सगळी त्यांच्या पानात ओतली आणि म्हणाली, "वाढते हो, आजोबा!"

आणि ती वाढली. चिंचेच्या झाडाएवढी उंच! परकरही वाढला म्हणून बरं, नाहीतर पंचाईत होती. "सगुणा, पोरीला खायला घालतेस तरी काय?" पाटील किंचाळले.

तिसरा 'वाढ' संपला होता. आता आईची काहील जाणार! वेणूच्या डोळ्यांत हंड्याएवढी टिपं आली.

"रडू नकोस!" आई खालून ओरडली. "भाजीत मीठ आधीच घातलंय!" मग तिनं वेणूच्या हातांकडे पाहिलं, अंगणातल्या नारळाकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा उजळला. "वेणू! तो नारळ फोड!"

"अगं, फोड काय म्हणतेस? शुभ बोल, वाढव म्हण!" सगळ्या बायका एकदम म्हणाल्या.

"आज त्या शब्दाचं नावही काढू नका!" सगुणा कडाडली.

वेणूनं नारळ उचलला आणि खडकावर आपटला. काडकन आवाज झाला. गोड पाण्याचा लोट काहिलीत शिरला. पांढऱ्याशुभ्र खोबऱ्याचे डोंगर किसायला अख्खी गर्दी बसली, पाहुणेसुद्धा. उरलेल्या भोपळ्या-कणसांसह भाजी पुन्हा काठोकाठ भरली. दाट, केशरी, मधासारखी गोडसर! सगळे जेवले, बोटं चाटून पुन्हा जेवले. आजोबांनी तर चार वेळा मागून घेतली.

पाटलांनी पागोटं काढलं. "सगुणे, मी चुकलो," ते म्हणाले. "काहील तुझीच. जन्मभर तुझीच."

सूर्य टेकला. वेणू सरसर लहान झाली, काकू सुटल्या आणि गावानं दिलेल्या धान्याच्या पोत्यांवर टिकली परी चमचमत उतरली.

"शेवटचा 'वाढ' तू भाजीला का नाही दिलास?" तिनं विचारलं.

"आजोबांना भूक लागली होती ना," वेणू म्हणाली.

परीनं तिच्या नाकाच्या शेंड्याचा पापा घेतला. "गुणी गं माझी ती! बरं, मी जाते."

"जाते म्हणू नये!" मायलेकी एकदम ओरडल्या. "येते म्हणावं!"

"पण मी तर जातेय."

"तरी येते म्हणायचं."

"कठीण आहे बाई तुमचं," टिकली म्हणाली. "बरं. येते."

सोनेरी, गुलाबी, निळसर प्रकाशाचा एक झोत उठला आणि त्यात ती विरघळून गेली.

पण परीचा शब्द खोटा कसा होईल? पुढच्या श्रावणात ती आली. त्याच्या पुढच्याही आली. ती आली की सगुणाच्या वाफ्यात भेंडी मावेनाशी होते आणि काहील कधी रिकामी होत नाही. अजूनही ती दरवर्षी कुरकुरत, खाजवत, पण जेवायच्या वेळेला अगदी बरोबर येते. माणसं 'येते' असं नुसतंच म्हणतात, हे तिला कोणी सांगितलेलंच नाही.