शेंदराचं बोट

ही गोष्ट कुणाला सांगायची नाही, असं मला आईने बजावलेलं आहे. तरी सांगते.

पणजोबांच्या पणजोबांच्याही आधी, डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथे मुलं पुष्कळ होती, पण त्यांचा आवाज येत नसे. ती ओट्यावर पोट धरून बसत आणि समोर कुणी नसलं तरी टक लावून बघत.

वेशीवर शेंदूर फासलेला देव होता. दर पौर्णिमेला गुरव शेंदूर मधात कालवी आणि प्रत्येक मुलाला बोटभर चाटवी. मूल अशक्त असलं, तर दोन बोटं. आणखी मलूल झालं, तर तीन.

त्या गावात धातू ओतणाऱ्या ओताऱ्याची मुलगी सून म्हणून आली. तिची थोरली लेक पाच वर्षांची झाली आणि एके सकाळी स्वतःचं नाव विसरली.

"नाव काय गं तुझं?" आईने विचारलं.

लेक नुसती दात खात राहिली.

त्याच आठवड्यात घरची शेळी देवापाशी गळलेले शेंदराचे पोपडे चाटून आली. दोन दिवसांनी ती आंधळ्यासारखी अंगणात गोल गोल फिरू लागली. तीही दात खात होती.

 आईला माहेरची भट्टी आठवली. शिसं भाजून शेंदूर करताना वडील म्हणायचे, "हात धुतल्याशिवाय भाकरीला शिवू नकोस, पोरी. शिसं हाडांत शिरलं की जाता जात नाही."

पुढच्या पौर्णिमेला तिने धाकट्या, तान्ह्या मुलाला पदराआड घेतलं.

"अगं, देवाचा कोप होईल!" सासू ओरडली.

"आत्याबाई, शेंदूर देवाच्या अंगावर शोभतो. पोराच्या पोटात नको."

"मोठी शहाणी आलीय!" गुरव म्हणाला. "आम्ही काय विष देतोय?"

"हो, काका. मीही दिलं. माझ्याच लेकीला."

गावाने त्या घराशी बोलणं टाकलं.

वर्ष सरलं. एका दुपारी त्या अंगणातून आवाज आला. गावातली सगळी मुलं अडखळत कुंपणापाशी येऊन उभी राहिली. आत धाकटा खदखदून हसत होता. गुरवाची नातही त्या मुलांत होती.

"आजोबा," तिने घाबरून विचारलं, "त्याला काय होतंय?"

त्या पौर्णिमेला गुरवाने मधात शेंदूर कालवला नाही. पुढे कधीच नाही.

लक्षात ठेवा, श्रद्धेने चाटवलेलं विषही विषच असतं.

आणि ती थोरली? तिला नाव पुन्हा आठवलं नाही. ती रोज भावासमोर बसायची, त्याच्यासारखे ओठ हलवून बघायची, आणि एकदा तिच्या तोंडून... थांबा, आई मला हाक मारतेय. आले गं आई, आले!